नरपडचं घर आणि शेजारची विहीर

परवा तुम्ही दोघांनी फोनवर घराचे फोटो दाखवलेत. स्वयंपाकघर छान आहे, खिडक्या मोठ्या आहेत, बँक कर्ज द्यायला तयार आहे. "आजी, आता फक्त सही करायची," असं म्हणालात. तिकडचे, परदेशातले कायदे मला ठाऊक नाहीत, पण सही करण्याआधी काय करावं हे मला चांगलं ठाऊक आहे. आम्ही नरपडचं हे घर घेतलं तेव्हा ते केलं होतं. तुमची आई तेव्हा तिकडे होती, त्यामुळे तिलाही यातलं निम्मंच माहीत आहे.

तुमच्या आजोबांची सगळी नोकरी सरकारी क्वार्टर्समध्ये गेली. भिंतीला खिळा मारायचा तरी विचारून. निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली: समुद्राची गाज ऐकू येईल असं स्वतःचं घर. एरवी त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. साडीसुद्धा मीच निवडायची आणि त्यांचे शर्टही मीच. त्यामुळे ही मागणी मला पुरी करायचीच होती. पण ती डोळे झाकून पुरी करायला मी तयार नव्हते.

आधी तलासरीकडे, उधव्याच्या बाजूला एक जागा स्वस्तात मिळत होती. दलाल म्हणाला, "कागदाचं नंतर बघू, सगळे असंच घेतात." मी तलाठ्याकडे जाऊन सातबारा काढला. जमीन आदिवासी खातेदाराची होती. अशी जमीन परवानगीशिवाय आपल्याला घेता येत नाही आणि तशी घेऊही नये. सगळे घेतात म्हणून मी घेणार नव्हते. तो विषय तिथेच मिटला. शिवाय तिथून समुद्र कुठला ऐकू येणार!

नरपडचं घर दिवाळीनंतर पाहिलं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे चार चिकूची झाडं आणि पूर्वेला थोडी मोकळी जागा. मालक मुलाकडे सुरतेला जाणार होता. कागद स्वच्छ होते, बिनशेती परवाना होता, किनाऱ्याच्या नियमातही बसत होतं. बँकेचा माणूस येऊन भिंती ठोकून गेला आणि कर्ज मंजूर झालं. आजोबा ओट्यावर बसले ते उठेचनात.

"इसार देऊन टाकू," ते म्हणाले.

"वैशाखात देऊ."

"वैशाखात? तोवर मुंबईची पार्टी घेऊन जाईल!"

"गेली तर गेली. पण इथलं पाणी मला वैशाखात बघायचंय."

बँक कागद पाहते, भिंती पाहते. तिला त्या घरात डाळ शिजवायची नसते. किनाऱ्यावरच्या गावांत थंडीत सगळं पाणी गोड लागतं. उन्हाळ्यात जमिनीतलं गोड पाणी उतरलं की खोल बोअरला खारं लागतं. लोक हवा छान म्हणून थंडीत घर बघायला येतात आणि थंडीतच घेतात. तीच चूक होते.

वैशाखात मी मालकाच्या बोअरचं पाणी कॅनमध्ये भरून क्वार्टरवर आणलं. जिभेला थोडं मचूळ लागलं, पण जीभ सरावते. मी तुरीची डाळ लावली. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, झाकण काढलं, तर दाणा जसाच्या तसा. मी तीच डाळ आजोबांना ताटात वाढली.

त्यांनी घास घेतला, चावला. बराच वेळ चावला. "कच्ची राहिली," म्हणाले.

"राहिली नाही. शिजतच नाही. हे तुमच्या घरचं पाणी."

तो दाणा त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला आणि हात धुवायला उठले. त्या दिवशी माझ्याशी वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घराच्या फोटोंचं पाकीट कपाटात ठेवून दिलं. ते पाहिल्यावर मी ठरवलं की घर सोडायचं नाही, पाणी शोधायचं.

पाणी फार लांब नव्हतं. कुंपणापलीकडे एका म्हाताऱ्या कोळीणकाकीची जुनी विहीर होती. उथळ, दगडी, वाळूत खणलेली. असल्या विहिरीत वरवरचं गोडं पाणी उतरतं आणि फार उपसलं नाही तर ते टिकतं. तिच्याकडून कॅनभर आणलं, डाळ लोण्यासारखी शिजली. काकी विधवा होती, मुलगा वापीला कंपनीत. मी तिच्या ओट्यावर जाऊन बसले आणि सरळ विचारलं, "काकी, आम्ही शेजारी आलो तर तुमचं पाणी घेऊ देणार?"

"घे गो. पाण्याला कोण नाय बोलतं?"

"मग तसं लिहून द्याल? नोंदणीचा कागद करू. खर्च माझा."

तिचा चेहराच बदलला. "कागद? पाण्याचा? माझ्या सासूनं अख्ख्या आळीला पाणी पाजलं, एकानं कागद नाय मागितला. आणि तू शिकलेली बाई, तुला माझ्या जिभेचा भरवसा नाय?"

"तुमच्या जिभेचा आहे. पण तुमच्यानंतर जीभ कोणाची?"

"माझ्या मढ्यावर टपलीस काय आत्ताच?"

"फक्त तुमच्या नाही, माझ्यासुद्धा. मी गेल्यावर हे एकटे राहिले तर त्यांना घागर घेऊन दारोदार फिरताना मला बघायचं नाही."

ती हसली नाही. "जा आता," म्हणाली, "ऊन झालंय." आजोबा बाहेर रस्त्यावर उभे होते. म्हणाले, "घालवलंस." मी म्हटलं, "रविवारी तिचा मुलगा येतो, तेव्हा परत येऊ." आत्मविश्वास दाखवायचा म्हणून म्हटलं, हे खरं. पण हात जोडून तोंडी पाणी घ्यायला मी तयार नव्हते. तोंडी हक्कावर आयुष्यभराचं कर्ज काढू नये. हे तुम्हीही लक्षात ठेवा. तिथे विहीर नसेल, पण गाडी उभी करायची जागा असेल, रस्ता असेल, सामाईक भिंत असेल. शेजारी कितीही गोड असो, त्याची जागा उद्या विकली जाऊ शकते.

रविवारी मुलगा आला होता. बुटक्या स्टुलावर बसून त्यानं आमचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, पाणी घ्या ने, आपल्याला काय वांधा नाय. पण लिहायचं नाय. लिहिलं म्हणजे अडकलं. उद्या कोण हॉटेलवाला आला, जागा मागितली, तर तो बोलेल, पहिलं हे काढा."

काकी आतून मासळीचं टोपलं घेऊन येत होती. ती तिथेच थांबली.

"कोण हॉटेलवाला?"

"कोण नाय, आई. बोलतो आपला."

"मी बसलीय अजून, आणि तू हॉटेलवाल्याला खाट घालून दिलीस!" मग ती माझ्याकडे वळली. "बाई, तू खरं बोललीस तर. हा माझ्या तोंडावर असा, तर माझ्यामागून कसा!"

मुलगा खजील होऊन हसला. काकीनं टोपलं खाली ठेवलं आणि पदरानं हात पुसले.

"लिही कागद. पण मग माझंपण लिहायचं. तुझ्या त्या पूर्वेच्या जागेत माझे बोंबील सुकतात. आत्ताच्या मालकानं कधी नाय बोललं नाही. तू येशील, भिंत घालशील, फुलं लावशील. तुला वास येईल, मग बोलशील, काकी, उचला. तर बोंबील लिही."

तुम्हाला माहीत आहे, आपल्या घरात मासळी शिजत नाही. मी आजोबांकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच स्वतःहून निर्णय दिला. "लिहू," ते म्हणाले. "वारा समुद्राकडून येतो, वास पलीकडे जाईल."

"सगळ्या महिन्यांत नाय जात हां, साहेब," काकी म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

कागद झाला. वकिलानं बोंबलांचं वाक्य तीनदा वाचलं आणि विचारलं की हे खरंच घालायचं का. मी म्हटलं, शब्दाला शब्द घाला. विहिरीतून घरगुती वापरापुरतं पाणी, त्यासाठी कुंपणातून पाइप नेण्याचा हक्क, आणि पूर्वेच्या मोकळ्या जागेत मासळी सुकवण्याचा हक्क, दोन्ही घरांना आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांना. विहिरीच्या जागेवर मुलाचंही नाव होतं, त्यामुळे निबंधकाच्या कार्यालयात त्याचीही सही घेतली, आणि घर अजून आमच्या नावावर नव्हतं म्हणून मालकाचीही. मुलाने ती चांगल्या मनाने केली. त्यानंतरच मालकाला इसार दिला आणि बँकेला सांगितलं की कर्जाची रक्कम सोडा.

राहायला जाण्याचंही एक सांगते. सामान आधी नेऊ नका. आधी एक दिवस रिकाम्या घरात सगळे नळ सोडून बसा, सगळे दिवे लावा, दारं उघडझाप करा. जे बिघडलंय ते रिकाम्या घरात ऐकू येतं, सामानात नाही. रंग आणि फर्निचर पुढच्या वर्षावर टाका, पण पाणी, वीज आणि छत यांची दुरुस्ती आधी करून घ्या, आणि तेवढे पैसे कर्जाच्या हिशेबात पहिल्यापासून धरा.

आम्ही तसंच केलं. प्लंबर पाइप घेऊन विहिरीशी गेला, तर काकी काठावर बसलेली. त्याला म्हणाली, "थांब रे. कागद बाईचा, पण पहिली घागर माझ्या हातची." तिनं स्वतः दोर सोडला, घागर वर ओढली. कोणाला हात लावू दिला नाही. मग ती आजोबांच्या खांद्यावर ठेवली. ते कुंपणातून, चिकूच्या झाडांखालून घराकडे निघाले, शर्ट भिजला, अर्धं पाणी वाटेतच सांडलं. मी दार उघडं धरून उभी होते. ते आत गेले, घागर स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "आता खिळा कुठे मारायचा ते मी ठरवणार."