ब्रीहिदाची कायमची जागा

जिवंतपणी शेजारी निवडता येत नाहीत, हे आमच्या गल्लीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पण मेल्यावरचा शेजार तरी मनासारखा असावा, एवढाच ब्रीहिदाचा हट्ट होता. बाई सत्तरी ओलांडलेली. कामाग्वे शहरातल्या निम्म्या मुलींचे पंधराव्या वाढदिवसाचे झगे तिच्या मशीनखालून गेलेले. कोणाची कंबर किती आणि ती किती सांगते, दोन्ही तिला पाठ. जीभ आणि कात्री एकाच दगडावर घासलेल्या.

तिचा नवरा रिगोबेर्तो बेसबॉलचा सामना बघता बघता गेला. जाताना पंचाला शिवी देत होता, म्हणजे सुखातच गेला म्हणायचं. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे दोन वर्षांनी त्याच्या अस्थी काढल्या, पुसल्या, छोट्या पेटीत भरल्या आणि पेटी आर्तेआगा घराण्याच्या कबरीतल्या भिंतीच्या कप्प्यात ठेवली. कबर त्याच्या आईच्या माहेरची. पेटी ठेवली ती त्या आईच्याच, लेओकादियाच्या पेटीच्या ओळीत. दोघांच्या मधे एक कप्पा रिकामा होता. ब्रीहिदाच्या नणंदेने, मिग्दालियाने, त्या कप्प्यावरची धूळ फुंकली आणि म्हणाली, "ही बघ वहिनी, तुझी जागा. एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला आई. मधे तू. कशी छान मजेत राहाल!"

ब्रीहिदाचा चेहरा बघून कबर खोदणारासुद्धा दुसरीकडे बघायला लागला.

लेओकादिया ही सासू कशी होती, हे सांगायला आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या अजून खुर्ची पुढे ओढतात. सून भात शिजवायला ठेवायची, ही तांदूळ परत काढून धुवायची. काळ्या घेवड्याच्या भांड्यावरचं झाकण उचलून म्हणायची, "छान झालंय. आजारी माणसाला अगदी चांगलं." आणि आभाळ भरून आलं, हवा दमट झाली, सुनेचे केस जरा कुरळे व्हायला लागले, की डोळे मिचकावून, "काही म्हण पोरी, अशा हवेत तुझे केस खरं बोलतात." म्हणजे तुझ्या रक्तात काय काय मिसळलंय ते दिसतं, असा अर्थ. स्वतः लेओकादिया उन्हात जायची ती छत्री, टोपी आणि पावडरीचा थर घेऊन. ब्रीहिदाने तीस वर्षं हे ऐकलं. आता मरणानंतरची अख्खी मुदत ऐकायची तिची तयारी नव्हती.

"रिगोबेर्तोला सोडून मी कुठे जाणार नाही," ती आम्हाला सांगायची, "पण त्याला उचलून तर नेऊ शकते!"

नेणार कुठे, तेही तिने ठरवलं होतं. कब्रस्तानात उजव्या हाताला नाक तुटलेल्या देवदूताची एक जुनी कबर आहे. ती लहान असताना आजी दोलोरेस दर वर्षी मृतांच्या दिवशी तिला तिथे न्यायची, एक फूल ठेवायची आणि पुटपुटायची, "हा आपला माणूस." दगडावर नाव होतं सेरापियो रेसियो. त्याचे औरस वंशज सगळे मायामीला गेलेले, कबर कित्येक वर्षं उघडलेली नाही. कब्रस्तानाच्या कचेरीतल्या माणसाने दफनाची जुनी नोंद काढून वाचली: कबर सेरापियोने घेतली ती 'स्वतःसाठी आणि आपल्या सर्व वंशजांसाठी.'

"सर्व म्हणतोय," तो माणूस म्हणाला. "भला माणूस दिसतो. नाहीतर बेफिकीर. तुम्ही त्याच्या पणती लागता हे चर्चमधून सिद्ध करून आणा, चावी तुमची. मात्र नवऱ्याची पेटी तिकडून हलवायची तर त्या कबरीच्या मालकिणीची सही लागेल."

मालकीण म्हणजे मिग्दालिया. पण ती पुढची गोष्ट. आधी चर्च.

चर्चच्या जुन्या वह्या नेलिदाच्या ताब्यात. नेलिदा येते तेव्हा कचेरी उघडते आणि तिचे गुडघे दुखले की बंद होते. वहीला हात लावायचा तर आधी हात धुवायचे, आणि नेलिदाला पेरूची वडी आवडते हे लक्षात ठेवायचं. ब्रीहिदा दोन्ही करून बसली.

"कोणाचा बाप्तिस्मा?" नेलिदाने विचारलं.

"दोलोरेस रेसियो. माझी आजी."

"कुठल्या वहीत बघू?"

"कुठल्या म्हणजे? गोऱ्यांच्या!"

त्या काळी पाद्रीबाबा दोन वह्या ठेवायचे. एक गोऱ्यांची, एक बाकीच्या सावळ्या-काळ्या जगाची. देवाच्या दारात पाणी एकच, शाई एकच, वह्या मात्र दोन. नेलिदाने चष्म्यावरून एकदा ब्रीहिदाकडे बघितलं, गोऱ्यांची वही काढली आणि वडी खायला लागली.

दोलोरेस सापडली नाही. पुढच्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. ब्रीहिदा मग दुसऱ्या चर्चमध्ये गेली, तिसऱ्यात गेली. आमच्या गावात चर्चला तोटा नाही. सगळीकडे फक्त गोऱ्यांच्या वह्या. त्यात तिला स्वतःची आजी सोडून बाकी सगळ्यांचं सगळं सापडलं. कोपऱ्यावरच्या एउस्ताकियोच्या आजोबांचं लग्न त्यांच्या थोरल्या मुलाच्या बाप्तिस्म्यानंतर झालं होतं, हे तिने पावाच्या रांगेत उभं राहून एउस्ताकियोलाच सांगितलं. तो म्हणाला, "मग? लग्नाला मुलगा हजर होता, याहून चांगलं काय?"

शेवटी एकदा नेलिदा म्हणाली, "पोरी, दुसरी वही काढू का?"

"दुसरी कुठली?"

"तुला माहितीये कुठली."

"माझी आजी दुधासारखी गोरी होती."

"दूध होतंच गं. कॉफी किती होती, तेवढंच बघायचंय."

ब्रीहिदा पिशवी उचलून ताडकन निघून गेली. उरलेली वडीसुद्धा परत नेली. त्या दिवशी आमच्या गल्लीत तिने ज्याच्या त्याच्यावर तोंड टाकलं. सासूच्या टोमण्यावर तीस वर्षं चिडलेली ही बाई त्याच टोमण्याला आतून किती भ्यायची, हे आम्हाला दिसत होतं. पण तिच्या हातात कात्री होती, सांगणार कोण?

मग मृतांचा दिवस आला आणि मिग्दालियाने नेलिदाचं काम सोपं केलं. कबरीला चुना लावताना तिने रंगाऱ्याकडून त्या रिकाम्या कप्प्यावर सुबक अक्षरांत 'ब्रीहिदा' असं लिहून घेतलं. खाली जन्माची तारीख, पुढे एक रेघ आणि मोकळी जागा.

"रंगारी आलाच होता म्हटलं, एका कामात दुसरं," मिग्दालिया म्हणाली. "पुढे परत बोलवा, परत भाव करा!"

"तुझं नाव नाही लिहिलंस?"

"माझ्या अंगावर अजून वय कुठे दिसतंय, वहिनी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रीहिदा नेलिदाच्या दारात. या खेपेला दोन वड्या. "काढ," एवढंच म्हणाली. कुठली वही, ते नेलिदाने विचारलं नाही.

अर्धी कॉफी पिऊन व्हायच्या आत पान सापडलं. दोलोरेस आणि रोसारियो, जुळ्या मुली. आई मेर्सेद, सावळी, धुणं धुणारी. बाप सेरापियो रेसियो, अविवाहित; पाद्र्यासमोर उभं राहून त्याने या मुली आपल्या असल्याचं कबूल केलं.

ब्रीहिदाने आधी पाणी मागितलं. मग चष्मा पुसला. मग परत वाचायला लावलं. "कबूल केलं म्हणतोय ना?" ती म्हणाली. "तोंडाने? स्वतःच्या? मग झालं तर!" आणि कितीतरी वर्षांनी पाठीवरचं गाठोडं उतरावं तशी ती खुर्चीत मागे टेकली. "धुणं धुवायची म्हणे. म्हणून आमच्या घरात सगळ्यांचे हात असे."

"थांब, समासात अजून आहे," नेलिदा म्हणाली. लग्न झालं की ते बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात लिहायची पद्धत. "दोलोरेसचं लग्न पेर्फेक्तो सायासशी."

"माझे आजोबा."

"आणि रोसारियो. ही धर्मआईच्या घरी वाढली असं दिसतंय. हिचं लग्न फुल्हेन्सियो आर्तेआगाशी."

ब्रीहिदाने चष्मा परत पुसला. फुल्हेन्सियो आर्तेआगा हे नाव तिने त्या चुना लावलेल्या कबरीच्या माथ्यावर हजारदा वाचलं होतं. तो लेओकादियाचा बाप. म्हणजे सासूबाईंच्या भिंतीवर पावडर फासलेला जो तसबिरीतला चेहरा होता, ती रोसारियो. दोलोरेसची जुळी बहीण. छत्री, टोपी आणि पावडरवाल्या लेओकादियाची सख्खी आजी ही मेर्सेद धोबीणच होती!

ब्रीहिदा इतकी हसली, इतकी हसली की नेलिदाने पान भिजेल म्हणून वही मिटली.

"हसून झालं की ऐक," नेलिदा म्हणाली. "या पानाने तुला देवदूत मिळेल. पण हे पान मिग्दालियाने बघितलं तर देवदूत तिचाही. तिच्या आईचाही. ज्या सासूपासून पळतेयस ती सामानसुमान घेऊन मागोमाग येईल. तेव्हा सही घे आणि तोंड मिटून घरी ये. जमेल?"

"न जमायला काय झालं?" ब्रीहिदा म्हणाली.

आम्ही असतो तर पैज लावली असती, आणि जिंकलो असतो.

कचेरीने दोलोरेसच्या नोंदीवर चावी मंजूर केली. आता फक्त ती सही उरली. ब्रीहिदा झग्याला इस्त्री करून मिग्दालियाकडे गेली. त्या पानाची नक्कल पर्सच्या तळाशी, रुमालाखाली. घरातच ठेवून का नाही गेली, हे विचारू नका. बसली ती नेमकी रोसारियोच्या तसबिरीखाली. मिग्दालियाने कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं आणि नवल म्हणजे फार ताणलंसुद्धा नाही. दादा वहिनीजवळच असावा, असं तिलाही वाटत असणार. तिने चष्मा लावला, पेन उघडलं, कागदावर टेकवलं.

एवढं होऊन ती सही करती आणि गप्प बसती, तर आज ही गोष्ट इथेच संपली असती.

"जा बाई," पेन टेकवलेलंच ठेवून ती म्हणाली. "आई म्हणायचीच, माणूस शेवटी आपापल्या लोकांत जातो. तिला काय उगाच दिसायचं? दमट हवेत तुझे केस..."

ब्रीहिदाने डोळे मिटले. ओठ आवळले. मेरीमातेचं नाव घेतलं. आणि पर्स उघडली.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्याने वाच, तुझ्या आजीला वर ऐकू जाऊ दे."

मिग्दालियाने वाचलं. मेर्सेदच्या नावापाशी तिचा आवाज खाली गेला, समासापाशी बंदच पडला. तिने वर तसबिरीकडे बघितलं, मग समोरच्या आरशाकडे, मग नकळत हात केसांकडे गेला. ब्रीहिदा कॉफीचा घोट घेत बसली होती. तशी कॉफी तिने जन्मात प्यायली नव्हती, साखर नसूनसुद्धा.

घोट संपला आणि मिग्दालियाने पेनाचं टोपण लावलं.

"म्हणजे देवदूत आमचाही," ती हळूच म्हणाली. "आमची कबर गळते, वहिनी. दर पावसाळ्यात आईच्या पेटीखाली पाणी. मला झोप लागत नाही. दादाला नेतेस, ने. पण आईही येईल. नाहीतर सही नाही."

ब्रीहिदा पर्सकडे बघत राहिली. पाच मिनिटांच्या सुखासाठी केवढी किंमत! दोष द्यायला दुसरं कोणी हाताशी नव्हतं, त्यामुळे ती आणखीच चिडली. पण मग मिग्दालियाकडे बघितलं, तर ती खरंच रडत होती, नाक त्याच कागदाला लागेल इतकी वाकून.

"तो भिजवू नकोस, चर्चचा शिक्का आहे त्यावर," ब्रीहिदा म्हणाली. "येऊ दे तुझ्या आईला. पण माझ्या अटी. मधे रिगोबेर्तो. त्याच्या अलीकडे मी, पलीकडे ती. सहन करायची सवय त्यालाच जास्त. आणि दगडावर मेर्सेदचं नाव. सेरापियोच्या खाली नाही, शेजारी. धोबीण असंसुद्धा लिहायचं."

"धोबीण कशाला लिहायचं गं? लोक वाचतात!"

"म्हणूनच."

मेर्सेद कुठे पुरली आहे, तेही ब्रीहिदाने नेलिदाकडून शोधून घेतलं होतं. गरिबांच्या मोकळ्या जमिनीत, चर्चच्या खर्चाने. त्या जमिनीवरून आता रस्ता गेलाय. तिचं नाव लिहायला दुसरीकडे कुठे दगडच नव्हता. हे ऐकल्यावर मिग्दालियाने टोपण काढलं आणि सही केली. रंगाऱ्याला निरोपही तिनेच धाडला.

पेट्या हलवल्या त्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं. मिग्दालियाने डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता. कबर खोदणाऱ्याने देवदूताखालची फरशी सरकवली. सेरापियोची पेटी आत एकटीच, कोपऱ्यात, बऱ्याच दिवसांनी पाहुणे आल्यासारखी. रिगोबेर्तो मधल्या कप्प्यात गेला. मग लेओकादियाची पेटी उतरवली. ओलाव्याने ती जड झाली होती, म्हणून ब्रीहिदाने खालून हात लावला. लावला म्हणजे काय, सगळा भार तिनेच घेतला, नणंद नुसतीच "सांभाळून, सांभाळून" करत होती.

पेटी जागेवर बसली. ब्रीहिदाने रुमालाने झाकणावरचं पाणी टिपलं, कडा पुसल्या, परत एकदा पुसल्या. मग वर दगडावरच्या ओल्या रंगाच्या नावाकडे मान करून, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "सासूबाई, या तुमच्या आजी. जरा नीट वागा आता, घरात मोठं माणूस आहे."

मिग्दालियाने घाबरून इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना. फक्त कबर खोदणाऱ्याने ऐकलं होतं. पण तो आमच्या गल्लीतच राहतो.