तिठ्यावरची मूठभर माती

ठमाबाईच्या हाताला गुण आहे, हे उरणजवळच्या त्या गावात कुणालाही विचारा. दृष्ट काढावी तर तिनंच. मीठ, मोहरी, सात मिरच्या आणि तिठ्यावरची मूठभर माती. मीठमोहरी काय, कुणीही ओवाळील. खरी ताकद मातीत. तिची सासू बैलगाडीच्या चाकोरीतली माती आणायची. आता त्याच तिठ्यावरून दिवसभर कंटेनर धडधडत जातात, म्हणजे माती किती जालीम झाली असेल, असं ठमाबाई कौतुकानं सांगायची. जालीम झाली होती, यात वाद नाही.

सहा वर्षांची नात अमिषा दिवाळीपासून खोकत होती. ठमाबाईला कारण लगेच कळलं. मुलानं, जीवननं, दुसरा ट्रेलर घेऊन झेंडूची माळ घालून दारात उभा केला होता. गावाचे डोळे लागणारच. मग दर मंगळवारी, शनिवारी पोरीला पाटावर बसवायचं. सात वेळा मूठ फिरताना माती तिच्या नाकातोंडावर भुरभुरायची, उरलेली मिरच्यांसकट चुलीत. ठसका लागला की ठमाबाई म्हणायची, "उतरली." नाही लागला तर, "भारी हाय, परत काढाया लागंल." हरायची सोयच ठेवली नव्हती बाईनं.

मध्यंतरी तक्रारी फार झाल्या म्हणून धूळ मोजायला साहेब आले. यंत्र रस्त्याकडेला लावलं तर आत धूळ जाईल, म्हणून त्यांनी ते देवळामागच्या वडाला टांगलं. हवा उत्तम निघाली. साहेब होते तेवढा वेळ टँकरनं रस्त्यावर पाणीही मारलं. एवढा मोठा माणूस उन्हात हिंडला म्हणून ठमाबाईनं त्याचीही दृष्ट काढली.

पण पोर शाळेतून येताना धापा टाकत दोनदा बसू लागली, तेव्हा सून कल्पितानं तिला पनवेलला नेलं. ठमाबाईही हट्टानं गेली. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तात शिसं आहे. टायर झिजतात, ब्रेक झिजतात, डिझेलची काजळी, सगळं रस्त्याच्या मातीत उतरतं. ही माती घरात येते कुठून?"

"खिडक्या बंद असतात," कल्पिता म्हणाली. "दोनदा ओल्या फडक्यानं पुसते मी."

ठमाबाई गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि गावात तिचा मान तसाच राहिला असता.

"मी आनते," ती म्हणाली. "मूठभर. आठवड्यातून दोनदा. पोरीच्या तोंडावरनं फिरवते." आणि नातीदेखत ती ढसाढसा रडली.

घरी आली तर जीवन ट्रेलरपाशी उभा. गाडी दोन दिवस चालू होत नव्हती. "आय, गाडीची दृष्ट काढ. माती आनलीय तिठ्यावरची," म्हणून त्यानं मूठ पुढं केली.

"आदी तुज्याच तोंडावरनं फिरव सात येळा," ठमाबाई म्हणाली. "पोरीच्या रगतात हीच माती हाय. मूठभर मी घातली, बाकीची तुज्या चाकांनी."

जीवन खाली बघत अंगणाच्या कडेला ती टाकायला वाकला.

"थितं नको. थितं पोर खेळते."

तो परसाकडं वळला.

"थितं विहीर हाय."

दारात अमिषा खोकत उभी होती. जीवन मूठ घट्ट आवळून उभाच राहिला. माती टाकावी कुठं, ते त्याला कळेना.