व्याह्यांचा आहेर आणि दोरीचे बूट

आमच्या व्याह्यांनी आहेरात मला घागरा पाठवला. आता घ्या! त्याला तिकडे स्कॉटलंडमध्ये किल्ट म्हणायचं आणि तो पुरुषांनीच नेसायचा असतो, हे लेकीनं फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं होतं. तरी पार्सल उघडून ते चौकडीचं, चुण्याचुण्यांचं लोकरी कापड सोफ्यावर पसरलं तेव्हा आमची ही पदर तोंडाला लावून हसली ती हसलीच. "अहो, गुडघ्यापातुरच हाय की हे!" म्हणाली. आणि मग तिची नजर माझ्या डाव्या पायाकडे गेली.

माझा डावा पाय पोलिओनं वाळलेला आहे. लहानपणी राजूरला ताप आला आणि पोटरी गेली ती गेलीच, पाऊलही खुरटंच राहिलं. मी थोडा लंगडतो हे सगळ्यांना माहीत आहे, त्याचं काही नाही. पण ती मनगटाएवढी पोटरी मी कुणाला दाखवत नाही. शाळेत हाफपॅन्ट सक्तीची होती, तेव्हा जे ऐकायचं ते ऐकून झालं. नोकरी लागल्यापासून बाहेर फुल पॅन्ट आणि घरात पायजमा. भंडारदऱ्याला सगळे पाण्यात उतरले की मी काठावर पिशव्या सांभाळत बसणार. सावेडीच्या फ्लॅटमध्ये उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, तरी मी कधी चड्डीवर बसलो नाही.

आणि आता स्कॉटलंडमध्ये, लेकीच्या तिकडच्या लग्नात, शंभर पाहुण्यांसमोर गुडघ्यापर्यंतचा घागरा!

सरळ नाही म्हणायचं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा ना, तुमचं काय जातंय! इकडचं लग्न झालं तेव्हा व्याह्यांना धोतर, फेटा आणि करकरीत कोल्हापुरी वहाणा कुणी दिल्या? मी. "आमच्यात आहेर अंगावर घालावाच लागतो," असं लेकीकरवी इंग्रजीत कुणी सांगितलं? मीच. तो भला माणूस टाचा सोलवटलेल्या असताना दिवसभर ते धोतर सावरत हिंडला, वर त्यानं पंगतीत जिलबीही वाढली. शिवाय मी दिलेला सफारीचा कपडा माझ्या साडूनं शिवलाच नाही म्हणून मी त्याच्याशी किती वर्षं धड बोललो नाही, हे आमच्या सगळ्या गोतावळ्याला पाठ आहे. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणू? चांगलाच कात्रीत सापडलो होतो.

लेक म्हणाली, "अण्णा, बूट तेवढे तुम्ही पसंत करा. मी इथून घेते." आणि तिनं फोटो धाडले. ते पाहून माझं डोकंच फिरलं. काळे बूट, वरून उघडे, आत जीभच नाही. आणि लेस कसली, चांगली हातभर दोरी! ती घोट्याभोवती गुंडाळत वर न्यायची आणि पोटरीवर गाठ मारायची. जगात एवढे बूट असताना ह्यांच्या परंपरेला नेमकी पोटरीच सापडावी? खाली लेकीनं लिहिलं होतं, यात पाय छान उठून दिसतो.

मग मी पळवाटा शोधायला लागलो. साधे काळे बूट घ्यावेत, तर मोज्यातून पोटरी दिसणारच. वहाणा घालाव्यात, तर पाय उघडाच. शेवटी घोडेस्वार घालतात तसले गुडघ्यापर्यंतचे लांब बूट सुचले. मे महिन्याच्या उन्हात नगरचा बाजार पालथा घातला तेव्हा एका दुकानात एकदाचे मिळाले. दुकानदार म्हणाला, "काका, पाय घालून बघा." पाय घालायचा म्हणजे पॅन्ट वर करायची. "भाच्यासाठी घेतोय," असं ठोकून दिलं आणि तसेच घेऊन आलो.

घरी घागरा नेसून ते चढवले. डावा पाय बुटात असा दिसला, जसं बादलीत मुसळ उभं केलंय. आमच्या हिनं क्रेप बँडेज आणलं, वर माझा जुना मफलर गुंडाळला आणि बूट पुन्हा ओढून बसवला. मागं सरून बघत म्हणाली, "लांबून न्हाई कळत." पंखा फुल्ल होता तरी मी घामानं निथळत होतो. आत मफलर चावत होता. तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला आणि हिनं तो घेतलासुद्धा.

लेकीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अण्णा, हे बूट नाही चालत याच्यावर."

"नाही चालत तर राहिलं!" मी भडकलोच. "सांग तुझ्या सासऱ्याला, मी लग्नालाच येत नाही!"

"अहो, काय बोलताय!" ही म्हणाली.

 लेक हळूच म्हणाली, "पायाचं आहे ना?"

"कुठल्या पायाचं?" मी दरडावलं.

"अण्णा, तुम्ही दुपारी झोपायचात तेव्हा पायजमा वर सरकायचा. मी खाली ओढून ठेवायचे. मैत्रिणी आल्या की त्यांना दारातच थांबवायचे, आधी आत येऊन बघायचे आणि मगच त्यांना आत घ्यायचे."

मला वाटायचं, हे ओझं माझ्या एकट्याचं आहे. एवढीशी पोर खेळायचं सोडून माझ्या पायावर पहारा देत होती आणि मला पत्ताही नव्हता. रडू आलं, सरळ सांगतो.

"तुम्ही सुटातच या," ती म्हणाली. "किल्टचं मी सांगते त्यांना काहीतरी. गुडघे दुखतात म्हणून सांगते."

म्हणजे तिकडेही तेच. स्वतःच्या लग्नात, नवरीच्या वेषात, पोरीनं माझा पायजमा खाली ओढत बसायचं.

"काही सांगायचं नाही कुणाला," मी म्हणालो. "ते दोरीचेच घे. उजवा आठ नंबर, डावा सहा."

"काय?"

"अगं, दोन जोड घ्यावे लागले तर घे!" मी ओरडलो. "उजवा आठ, डावा सहा!"