दोनशे चौदा पानांची व्हॅन

चहा आधी संपवा. पुढचं ऐकताना तुम्ही हसणार, हसताना ठसका लागणार, आणि त्याचा दोष माझ्यावर येणार. सध्या माझ्यावर दोष पुष्कळ आहेत. त्यात भर नको.

माणूस फसला की निदान फसवणाऱ्याला शिव्या घालायची सोय असते. माझ्या नशिबी तेवढंही सुख नाही. मला कोणी फसवलंच नाही हो! जे केलं ते मी एकट्याने, दिवसाउजेडी, चष्मा लावून केलं.

केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मी चौतीस वर्षं कारकून होतो. कोणत्या ते विचारू नका. ते अजून चालू आहे, आणि माझ्यावाचून जास्त बरं चालू आहे असं ऐकतो. आता दिल्लीत मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच: मी, बायको सुनंदा, आणि तिचे गुडघे. गुडघे वेगळे मोजतो, कारण घरातले सगळे निर्णय तेच घेतात.

सुनंदाची थोरली बहीण कमलताई पानिपतला असते. आई लवकर गेली, तेव्हा सुनंदाला वाढवलं ते ताईंनीच. ताईंनी आता ऐंशी ओलांडलीय, घराबाहेर पडणं बंद. दोघींची गाठ पडून तीन वर्षं झाली होती. पानिपत काही लांब नाही. पण रेल्वेच्या डब्याची पायरी सुनंदाला चढवत नाही, आणि साध्या मोटारीत बसायला गुडघे जेवढे दुमडावे लागतात तेवढे ते दुमडत नाहीत. रोज सकाळी ताईंचा फोन, "नंदू, कधी येतेस गं?" आणि नंदूचं उत्तर, "बघते." हे 'बघते' मी तीन वर्षं शेजारच्या खोलीतून ऐकत होतो.

(पानिपतावरून जो विनोद आत्ता तुमच्या ओठांवर आलाय तो कृपया गिळा. आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक मराठी माणसाने तो माझ्यासमोर केलेला आहे. काहींनी दोनदा.)

मग मला कल्पना सुचली. व्हॅन! सरकत्या दाराची, उंच सीटची. दार सरकवलं, पाय टाकला, बसलं. गुडघ्यांची परवानगी काढायची गरज नाही.

"भाड्याने करा की," वरच्या मजल्यावरचा मेश्राम म्हणाला. मेश्राम भंडाऱ्याचा. रेल्वेच्या वर्कशॉपात हयात घालवलेला माणूस. इंजिनाचा आवाज ऐकून त्याचा आजार सांगतो. "एका दिवसासाठी गाडी काहून घेता जी?"

"एका दिवसासाठी नाही. ती म्हणेल तेव्हा जायचं."

"मग मी येतो बघायला. जुन्या व्हॅनचे चार रोग ठरलेले असतात. इंजिन थंड असताना सुरू करून पाहायचं. सगळे गियर टाकून पाहायचे. खाली वाकून तेल गळते का पाहायचं. आणि ते सरकतं दार दहा वेळा उघडायचं, दहा वेळा लावायचं. दार पयले मरते, राजेहो!"

मी त्याला नेलं नाही. का? तज्ज्ञ माणूस बरोबर असला की आपल्या तज्ज्ञपणाला उभं राहायला जागा उरत नाही.

नोएडाच्या एका सेक्टरात भटनागर नावाचे गृहस्थ आपली नऊ वर्षांची व्हॅन विकत होते. तेही निवृत्त, तेही सरकारी. व्हॅन दारात उभी होती. पांढरी होती, एवढं मला आठवतं. कारण भटनागरांनी बैठकीत माझ्यासमोर जी वस्तू ठेवली ती पाहिल्यावर मी पुन्हा खिडकीबाहेर पाहिलंच नाही.

ती फाइल होती.

काय सांगू तुम्हाला! डाव्या बाजूला टिपणं, उजव्या बाजूला पत्रव्यवहार. प्रत्येक पानाला लाल शाईत क्रमांक. सुरुवातीला अनुक्रमणिका. वर्षावर्षाच्या कागदांना वेगवेगळ्या रंगांच्या चिठ्ठ्या. दोनशे चौदा पानं! आमच्या कार्यालयात अशी फाइल करणारा एकच माणूस होता, आणि तो आत्ता तुम्हाला गोष्ट सांगतोय.

मी चष्मा पुसला आणि कामाला लागलो. प्रत्येक पानावर क्रमांक आहे? आहे. बिलावर शिक्का? आहे. सही? आहे. तारीख? आहे. पुढचं पान. सत्याऐंशीवर थबकलो.

"भटनागर साहब, सत्तासी के बाद सीधे नवासी?"

त्यांचा चेहरा उतरला. "असंभव!" पानं चिकटली होती. त्यांनी नखाने हळूच सोडवली, अठ्ठ्याऐंशी सापडलं. मी पाहिलं: शिक्का आहे, सही आहे. "ठीक है," म्हटलं. भटनागर माझ्याकडे असे पाहू लागले, जसं चौतीस वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं.

"आप आराम से देखिए. मैं कुछ छिपाना नहीं चाहता," ते म्हणाले.

"अरे, छिपाने जैसा कुछ है ही नहीं! कितना मेन्टेन किया है!"

"बहुत लोग आए थे. बीस पन्ने देखकर उठ जाते थे."

"आजकल धीरज किसमें है," मी म्हणालो. आणि मनापासून म्हणालो हो! अशी फाइल सोडून उठणारे लोक या देशात आहेत याचं मला खरंच दुःख झालं.

शेवटी त्यांनी टिपणाचं कोरं पान पुढे केलं. मी लिहिलं: 'पढ़ा, समझा, संतुष्ट हूँ.' खाली सही, तारीख. पानाला क्रमांकही मीच घातला, दोनशे पंधरा.

"एक चक्कर चलाकर देखेंगे?"

"फाइल देख ली, अब गाड़ी में क्या देखना!"

भटनागर हेलावले. किल्ली देताना म्हणाले, "सुबह ठंडी में ज़रा झटका देती है. आपको तो मालूम ही है."

"हाँ हाँ."

"और दरवाज़े का तो आपने पढ़ा ही होगा."

"पढ़ा है," मी म्हणालो. मग काय म्हणणार होतो? नुकतीच सही केली होती!

पुढच्या शनिवारी निघालो. सुनंदाने ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. दार सरकवलं, तिने पाय टाकला, बसली. एकदाही 'आई गं' म्हणाली नाही. "बिल्कुल सोपं आहे हो!" असं हसून म्हणाली. मी मेश्रामकडे विजयी नजर टाकली. तो न बोलावता माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसला होता. मी भटनागरांची फाइल त्याच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, बघ जरा, गाडी कशी घेतात ते.

गाडीने पहिला झटका यमुनेच्या पुलाआधीच दिला.

"क्लच," मेश्राम म्हणाला.

"थंडी आहे," मी म्हणालो.

हायवेवर तिसरा गियर पडेना. चौथ्याचा तर प्रश्नच नव्हता. इंजिन असं ओरडत होतं की शेजारून जाणारे लोक आमच्याकडे पाहून हात जोडत होते. ट्रक पुढे गेले. बस पुढे गेल्या. उसाने भरलेला एक ट्रॅक्टर पुढे गेला, आणि त्याच्या चालकाने मागे वळून आमच्याकडे दयेने पाहिलं. मुरथलला सगळी दिल्ली पराठे खायला थांबते. आम्ही रेडिएटरला पाणी पाजायला थांबलो. दोन तासांच्या रस्त्याला पाच तास लागले. सुनंदा मागून एवढंच विचारायची, "पोचू ना हो?"

पोचलो! ताईंच्या दारात गाडी उभी राहिली, किंवा मेली म्हणा. ओसरीत ताई वॉकर धरून उभ्या. तीन तास तशाच उठबस करत होत्या म्हणे. मी खाली उतरलो, ऐटीत सरकत्या दाराची मूठ ओढली.

मूठ माझ्या हातात आली. दार जागच्या जागी.

आतून ओढलं, बाहेरून ढकललं, मेश्रामने लाथ घातली. नाही! पुढून उतरवावं तर मधे इंजिनाचा उंचवटा आणि गियरचा दांडा. मागच्या दाराने काढावं तर रांगत यावं लागणार, म्हणजे पुन्हा गुडघे आले. खिडकीची काच सरकवली. चार बोटं सरकली आणि तीही अडकली.

मग ताईच आल्या. वॉकर टेकत, एकेक पाऊल. त्या बाहेर, ही आत. चार बोटांच्या फटीतून दोघींनी बोटं धरली. तीन वर्षांनी.

"नंदू," ताई म्हणाल्या, "ही गाडी घेतलीय की कोठडी गं?"

सुनंदा हसली आणि मग रडायला लागली. मी मेकॅनिक बोलवायच्या निमित्ताने लांब गेलो. मेकॅनिक म्हणाला, दोन घंटे में आता हूँ.

परत आलो तर मेश्राम गाडीला टेकून फाइल वाचत होता. वाचत होता! ओळ न् ओळ!

"सोनवणे साहेब, ऐका. पान बावीस: सरकतं दार आतून अडकलं, रूळ बदलला. पान एकतीस: दार पुन्हा अडकलं. पान चाळीस: क्लच. पान त्रेपन्न: क्लच. साठ ते पंच्याहत्तर: इंजिन तापते, तापते, तापते. आणि हे अठ्ठ्याऐंशी, मेकॅनिकचा शेरा आहे जी. 'गाडी शहराबाहेर नेऊ नये.'"

"शिक्का आहे त्यावर," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

"शिक्का आहे. सही आहे. तुम्ही हे वाचलं नाही?"

मी तिथल्या तिथे भटनागरांना फोन लावला. "आपने मुझे ऐसी गाड़ी दी?"

पलीकडून भटनागर दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "लेकिन सोनवणे जी, आपने तो पूरी फाइल पढ़ी थी? मैंने पत्नी से कहा, पहला आदमी आया जो सब कुछ जानकर भी ले गया. ज़रूर गाड़ियों का जानकार होगा. सत्तासी-नवासी तक पकड़ लिया!"

आता तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यावं? 'मैंने पढ़ी ही नहीं थी', असं म्हणू? चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर? सहीनिशी?

"जी, पढ़ी थी," मी म्हणालो. "बस, हालचाल पूछने के लिए फोन किया."

सुनंदाने हे सगळं फटीतून ऐकलं. तिने डोळे पुसले. आवाज अगदी शांत होता.

"अहो, एक विचारू? लग्न ठरल्यावर मी तुम्हाला पत्रं लिहायची. तुम्ही ती नंबर घालून फाइलला लावलीत. मला तेव्हा काय कौतुक वाटलं होतं! ती तरी वाचली होतीत का?"

ताई माझ्याकडे बघत होत्या. मेश्राम आकाशाकडे बघत होता.

"अकराच्या अकरा आहेत," मी म्हणालो. "एकही गहाळ नाही."

मेकॅनिकने पहार लावून दार उखडलं. सुनंदा उतरली, ताईंचा हात धरला आणि घरात गेली. उंबऱ्यातून मागे वळून म्हणाली, "मी इथेच राहते थोडे दिवस." मेश्राम आणि मी रेल्वेने परतलो. सगळा वेळ तो ती फाइल पहिल्या पानापासून वाचत होता. याहून मोठा अपमान मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरून ती पत्रांची फाइल काढली आणि जन्मात पहिल्यांदा कागदावरचा क्रमांक सोडून मजकूर वाचायला घेतला. चौथ्या पत्रात तिने लिहिलं होतं: 'ताईशिवाय मला कुणी नाही. लग्नानंतर वर्षातून दोनदा तरी मला तिच्याकडे नेऊन सोडाल ना? एवढ्याचं उत्तर आवर्जून कळवा.'

समासात, त्या काळच्या माझ्या सुबक अक्षरात, तारखेसह शेरा होता: 'नोंद घेतली. कार्यवाहीची आवश्यकता नाही.'