कोऱ्या नळ्या

"जाऊ देत तशाच! गिऱ्हाईक उलट खूश होईल. त्याला ती अक्षरं नकोच होती."

"नको होती, पण घालायची ठरली होती ना? बाजूला, बारीक. तूच हो म्हणालास त्याला."

"अगं, मग मी पुसली का? सेत्तिमोने पुसली!"

"सेत्तिमोला मध्ये आणू नकोस, बाप्तिस्ता."

"मध्ये कशाला आणू? तो समोरच बसलाय."

सेत्तिमो खरोखरच समोर बसला होता, पॉलिशच्या चाकापाशी, टोपी गुडघ्यावर ठेवून. इटलीतल्या आमच्या गार्दोने गावात जुन्या काळच्या बंदुकांच्या हुबेहूब नकला बनतात. त्या घेणारे बहुतेक अमेरिकन. सुट्टीच्या दिवशी पणजोबा-खापरपणजोबांच्या काळचे गणवेश चढवून ते आपलं जुनं यादवी युद्ध पुन्हा खेळतात. बंदूक जुनी दिसली पाहिजे, म्हणून नळीवरचं नवं अक्षर त्यांना डोळ्यांत खुपतं. पण कारखान्याचं नाव आणि 'फक्त काळी दारू' एवढा इशारा आम्ही घालतोच. आजची बिनधुराची दारू या नळीत तितक्याच सहज मावते, पण तिचा जोर कितीतरी जास्त, आणि मग नळी फुटते.

तो इशारा उमटवायचं काम देल्फिनाचं. बाप्तिस्ताची ही धाकटी बहीण. वडिलांनी, फाउस्तिनोंनी, मुलाला हिशेब शिकायला ब्रेशा शहरात धाडलं आणि मुलीला ठशाच्या यंत्रावर बसवलं. तिचं लग्न झालं, दोन मुली झाल्या, बस चालवणारा नवरा रेमो गेला, बसायचं स्टूल मात्र तेच राहिलं. ठसा एका दमात फिरवावा लागतो. हात अडला की अक्षरं दुहेरी उमटतात. देल्फिनाचा हात अडत नसे. इंग्रजी तिला येत नाही. त्या शब्दांचा अर्थ वडिलांनी सांगितला, तोही फुटून परत आलेली एक नळी तिच्यासमोर ठेवून. नळी केळ सोलल्यासारखी उलगडली होती. वडील म्हणाले होते, "यावर लिहिलेलं होतं. त्याने वाचलं नाही, ती त्याची चूक. लिहिलेलंच नसतं तर?"

आणि आता संबंध खेप कोरी. आमच्याकडे जुनी सवय आहे. पॉलिश झालं की नळीवरून अंगठ्याचं नख फिरवायचं, अडकलं की नळी पुन्हा चाकावर. सेत्तिमोची नजर मंदावली, तसा तो निव्वळ नखावर काम करू लागला. नख अक्षरांवर अडकलं आणि त्याने इमानेइतबारे अक्षरंच घासून काढली. नळ्या तपासणाऱ्या सरकारी चाचणीघराचे शिक्के हातोड्याने खोल मारलेले, ते तेवढे तगले.

"पुन्हा ठसा मारायचा म्हणजे रंग पुन्हा चढवा," बाप्तिस्ता म्हणाला. "उद्या ट्रक येतोय. उशीर झाला तर हे काम पलीकडच्या गल्लीत जाईल. मग घरी कोणाला पाठवू? सांग ना!"

"मला पाठवा," सेत्तिमो पुटपुटला.

"तू गप रे," देल्फिना म्हणाली. "घरी बसून काय करणार? मक्याच्या पिठाची पोलेंता ढवळशील आणि तीही गुळगुळीत होईपर्यंत सोडणार नाहीस."

सेत्तिमोला हसू आलं. बाप्तिस्ताला आलं नाही.

"तिकडच्या लोकांना माहीत असतं गं काय भरायचं ते. अडाणी आहेत का?"

"घेणाऱ्याला माहीत असतं. तो मेला की बंदूक जावयाकडे जाते. जावयाला कोण सांगणार?"

"जावयाची काळजी आपण करायची?"

"मग कोणी? सासूने?"

बाप्तिस्ताने हात झटकला. "मालक मी आहे, देल्फिना. माल जाणार."

देल्फिना उठली. तिने एक नळी उचलून उलटी केली. लाकडात झाकल्या जाणाऱ्या भागावर तिचा बारीकसा 'डी' होता. नळी ज्याच्या हाताखालून पास होते त्याने आपलं अक्षर ठोकायचं, ही फाउस्तिनोंची शिस्त. उद्या काही झालं तर कोणाला विचारायचं ते कळावं, म्हणून.

"हे मी ठोकलं तेव्हा वर इशारा होता," ती म्हणाली. "आता नाही. कोरी नळी मी पास केलेली नाही."

तिने खण उघडला आणि तेलकट फडक्यातून एक पोलादी ठसा काढला. त्यावर 'बी' होता. बाप्तिस्ता कारखान्यात आला तेव्हा वडिलांनी त्याच्यासाठी करून घेतलेला. तो कायम टेबलाशी बसला, त्यामुळे ठसा नवाच राहिला होता.

"माझ्या अक्षराशेजारी तुझं ठोक. एकेका नळीवर. मग मी बोलणार नाही, ट्रकही मीच भरून देईन."

"नाटकं करू नकोस."

"ठोक ना. मालक आहेस."

बाप्तिस्ताने ठसा घेतला, हातोडीही घेतली. ठसा नळीवर टेकवला. सेत्तिमोने टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. हातोडी वर गेली आणि वरच राहिली. बाप्तिस्ताचा अंगठा त्या शेजारच्या 'डी'वर दोनदा फिरला.

मग त्याने हातोडी टेबलावर ठेवली, ठसा देल्फिनाकडे सरकवला.

"मग यंत्र चालू करू?" देल्फिनाने विचारलं. "ट्रकवाल्याला तू फोन करशील?"

बाप्तिस्ताने खुंटीवरचा कोट काढला, एक बाही चढवली आणि खिशातून फोन काढत दाराबाहेर पडला.