परत म्हणा, बाई

सकाळी दूध तापत ठेवलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून जयसिंगपूरची सुमन, माझ्या शेजारच्या पद्माक्कांची धाकटी बहीण. म्हणाली, "बाई, अक्का गेली." अक्का चार दिवस तिच्याकडंच राहायला गेल्या होत्या, म्हणून मी आपली सरळ विचारते, "गेल्या? एवढ्या सकाळी? कुठल्या एसटीनं?" आता बघा, जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली बाई मी. 'गेली' या दोन अक्षरांचे अर्थ मला कुणी समजावून सांगायला नकोत. शब्द कानात अगदी स्पष्ट पडला होता, आणि तरी मला हवा तोच अर्थ उचलून मी मोकळी झाले.  सुमननं तेच परत म्हटलं, "अक्का गेली, बाई." आणि मग समजलं. रात्री झोपल्या त्या उठल्याच नाहीत. इकडं दूध सगळं ओट्यावर.

याला आता काही आठवडे झाले. रडून झालंय. लिहायला बसले तर हसूच जास्त येतंय, आणि त्याला माझा इलाज नाही. अक्का होत्याच तशा.

आमची भिंतीला भिंत लागून. मी लग्न होऊन नाशिककडून कोल्हापुरात आले तेव्हा 'व्हय' आणि 'न्हाय' ऐकून माझे कान किटायचे. बायका 'मी आलो', 'मी गेलो' म्हणायच्या, तेव्हा तर मी सासूबाईंना विचारलं होतं, की या गावात स्त्रीलिंग संपलंय का! त्यातून अक्कांचा आवाज. शिरोळ तालुक्यातल्या शेतकरी जैन घरातली मुलगी, मळ्याच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची सवय. त्या कानात कुजबुजल्या तरी कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडला बातमी पोचायची. मी एकदा न राहवून म्हटलं, "अक्का, 'न्हाय' काय हो, 'नाही' म्हणा की!" त्या गंभीरपणे म्हणाल्या, "बरं. इथनं फुडं न्हाय म्हणत." आणि माझं तोंड बघून पोट धरून हसल्या. त्या दिवसापासून आमची मैत्री.

साठीनंतर एका तापाचं निमित्त झालं आणि त्यांचे दोन्ही कान गेले. कानामागं लावायच्या मशीनचाही उपयोग होईना. अक्का खचल्या नाहीत. लोकांचे ओठ बघून बोलणं ओळखायला लागल्या, तेही कुणी न शिकवता. पण ओठांवर प, ब आणि म सारखेच दिसतात, आरशासमोर उभं राहून म्हणून बघा. एकदा त्यांच्या मुलानं सांगितलं, "मामा आलेत." यांना दिसलं, "बाबा आलेत." बाबांना, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांना, जाऊन कैक वर्षं झालेली. अक्का जराही न गडबडता म्हणाल्या, "बसवा त्यास्नी, चा टाकतो. लई लांबनं आलेत."

समोरासमोर असं निभावून जायचं. खरं दुखणं फोनचं होतं. दोघी बहिणींचा रोज दुपारी चारला फोन असायचा, ऊन असो, पाऊस असो, घरात पाहुणे असोत. तो बंद पडला. सुमनची नजर साखरेच्या आजारानं अधू झालेली, तिला फोनवरची अक्षरं दिसत नाहीत. म्हणजे एकीला ऐकू येईना, दुसरीला वाचता येईना. मग सुमननं सांगायचं, तिच्या सुनेनं फोनवर लिहून पाठवायचं आणि इकडं अक्कांनी वाचायचं, अशी सोय झाली. पण वर्षानुवर्षं त्या फोनवर मुख्य विषय तर सूनच! सुनेची तक्रार सुनेच्याच बोटांनी कशी लिहिणार? एके दिवशी अक्कांनी मला फोन दाखवला. लिहिलं होतं, 'आम्ही सर्व मजेत. सूनबाई फार गुणाची आहे.' अक्कांच्या डोळ्यांत पाणी. "बाई, माझी भैण असं बोलंल व्हय कवा? ही काय माझी सुमी न्हाय." आणि त्याच दिवशी त्यांनी ऑपरेशनचं ठरवलं. कानाच्या आत यंत्र बसवतात, ते. मुलगा म्हणाला, या वयात कशाला? त्या म्हणाल्या, "मला सुमीसंगं एकटीनं बोलायचंय."

ऑपरेशन झालं, यंत्र सुरू झालं, आणि अक्का चार दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. आवाज यायला लागला होता, पण शब्द येत नव्हते. "पत्र्याच्या डब्यात मूग हलवल्यागत वाटतंय," म्हणाल्या. "तुमी बोलताय, माझा ल्योक बोलतोय, समदे मूगच." दवाखान्यातल्या मॅडमनी समजावलं, की कान दुरुस्त झालाय, आता डोक्याला शब्द पुन्हा ओळखायला शिकवावं लागेल, लहान मूल शिकतं तसं. रोज कुणीतरी समोर बसून शब्द म्हणायचे, आणि तोंड झाकून म्हणायचे, नाहीतर या ओठ बघून उत्तर देणार. हे काम अर्थातच माझ्याकडं आलं. गल्लीत माझ्याइतके स्वच्छ उच्चार कुणाचे होते? (मला गर्व होता. आहे.)

तोंड झाकायचं कशानं? हात धरला की आवाज दबतो, वर्तमानपत्र धरलं की ते खडखडतं. शेवटी अक्कांनी त्यांची भरतकामाची गोल रिंग आणली. तिच्यात पातळ मलमल ताणलेली, तिच्यावर अर्धवट भरलेला हिरवा पोपट. आवाज आरपार जातो, ओठ दिसत नाहीत. पोपटाला शेपूट भरायची तेवढी राहिली होती. ती राहिलीच, कारण त्यानंतर रिंग कधी रिकामी मिळालीच नाही. रोज सकाळी मी पोपटाआडून म्हणायची, "पान." त्या म्हणायच्या, "बाण?" "पान." "मान?" आणि मग कपाळाला हात लावून, "परत म्हणा, बाई." हे 'परत म्हणा, बाई' इतक्या वेळा झालं की समोरची इस्त्रीवाली मला 'परतम्हणाबाई' अशा एकाच शब्दानं ओळखायला लागली.

पण शब्द यायला लागले. एखादा सापडला की अक्का टाळी वाजवून ओरडायच्या, "हां! आत्ता आला!" दारात कुणी पाहुणा आल्यासारखा चेहरा व्हायचा. लबाडीही खूप करायच्या. स्वयंपाकघरात बसलं की सगळे शब्द स्वयंपाकाचेच असणार हे त्यांनी हेरलं होतं. मी 'भा' म्हटलं की त्यांचं "भाकरी!" तयार. मी एकदा मुद्दाम 'भाडेकरू' म्हटलं. त्या म्हणाल्या, "भाकरीच. तुमचं चुकलंय." मला अशी चीड यायची! आणि मग लक्षात यायचं, की आपणही सगळे हेच करतो. समोरच्याचं अर्धं ऐकतो, उरलेलं आपल्या मनानं भरतो आणि ऐकलं म्हणतो.

काही महिन्यांत मी पोपटाआडून अख्खी गोष्ट सांगायला लागले आणि त्या ती परत सांगायला लागल्या. ऐकलेलं वाक्य मोठ्यानं परत म्हणायचं, म्हणजे बरोबर ऐकलं का ते कळतं, ही पद्धत माझीच. मग एके दिवशी चार वाजता आम्ही जयसिंगपूरला फोन लावला. अक्का नवी साडी नेसून बसलेल्या. पलीकडून सुमनचा आवाज आला... आणि अक्कांचा चेहरा पडला. सुमन बोलतेय, बोलतेय, आणि या माझ्याकडं बघतायत. "बाई, मूग," एवढंच म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला.

त्या रात्री आम्ही दोघीही जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "मला काय झालंय ते समाजलं. मला तुमची मराठी येती, बाई. लोकांची येत न्हाय." इतके दिवस एकच आवाज, एकच पट्टी, एकसारखे घासूनपुसून काढलेले उच्चार. मी 'नाही' शिकवत बसले होते, आणि जयसिंगपुरात सुमन 'नाही' म्हणतच नाही! मला काय झोंबलं म्हणून सांगू. दोन दिवस मी त्यांच्याकडं फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी गॅलरीतून बघते तर दारात दूधवाला पोपट तोंडापुढं धरून उभा. "उद्या दूध न्हाय!" तो ओरडला. अक्का म्हणाल्या, "उद्या... दूध... न्हाय? हां! आत्ता आला!" दूध मिळणार नाही म्हणून एवढा आनंद झालेलं गिऱ्हाईक त्यानं कधी पाहिलं नसेल. मी हसत हसत खाली उतरले, माझा राग संपला.

मग गल्लीनंच शाळा घेतली. इस्त्रीवाली आली, रिक्षावाले आले, पोलिओच्या थेंबांसाठी आलेल्या ताई आल्या. कुणी भरभर बोलणारं, कुणी तोंडात तंबाखू धरलेलं. एकदा पत्ता विचारायला आलेल्या अनोळखी माणसाला अक्कांनी उंबऱ्यातच थांबवलं. "पावणं, हे धरा तोंडाफुडं, आणि आता इचारा." तो बिचारा इकडंतिकडं कॅमेरा शोधायला लागला, म्हणाला, "शूटिंग चाललंय व्हय?" आणि अक्कांना शब्दन् शब्द कळला. पत्ता सांगायचा सोडून त्यांनी त्याला बसवून चहा पाजला.

पुन्हा चार वाजता फोन लागला तेव्हा मी देवासमोर दिवा लावून बसले होते, खोटं कशाला सांगू! सुमन म्हणाली, "अक्का, जेवलीस?" अक्का म्हणाल्या, "व्हय." बस्स. तेवढ्या एका शब्दानंतर तिकडं सुमन हमसून रडायला लागली, आणि रडता रडता तिनं इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर काढलं. गंमत अशी, की ऐकलेलं मोठ्यानं परत म्हणायची सवय मी लावलेली! "आमटीत साखर घालती?" अक्का गरजल्या. "तुझ्या पुण्याच्या सुनंनं? आमटीत? साखर?" गल्ली थांबली. इस्त्रीवाली हातातली इस्त्री तशीच धरून उभी राहिली. मी खुणा करतेय, हळू, हळू... कसलं काय. त्यानंतर रोज चारला त्यांचं गुपित अख्ख्या गल्लीला ऐकू यायचं, आणि त्या मला सांगायच्या, "एकटीनं बोलायचं सुख काय असतंय, बाई, तुमास्नी कळायचं न्हाय."

अक्का गेल्यावर मी सुमनला भेटायला जयसिंगपूरला गेले. परत निघताना तिची सून मला सोडायला फाटकापर्यंत आली. म्हणाली, "मावशींचा आवाज फोनमधून घरभर यायचा. सासूबाईंना दिसत नाही ना, मी तिथंच बसून भाजी निवडत असायची. साखर मी पहिल्याच दिवशी बंद केली. पण का ते कळू दिलं नाही. मला ऐकू येतंय हे समजलं असतं तर त्या दोघी बोलायच्या थांबल्या असत्या." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.  मग तिनं पिशवीतून रिंग काढून दिली. अक्कांनी बहिणीकडं जाताना बरोबर नेली होती, निवांत बसून शेपूट भरायला. पण गप्पांमध्ये सुईत दोरा काही ओवला गेला नव्हता.

आता चार वाजता सुमन मला फोन करते. परवा ती बोलत होती आणि मी आपली "हो... हो..." करत होते. मधेच थांबली. म्हणाली, "बाई, तुमी हो म्हणला की बँकेतनं फोन आल्यागत वाटतंय. व्हय म्हणा की." मी म्हटलं, "व्हय." तर म्हणे, "कच्चा हाय. परत म्हणा, बाई."

ते शब्द तर अक्कांचे! रिंग टेबलावरच होती. फोनवर कुणाला काय दिसणार, आणि त्यातून सुमनला... पण मी पोपट तोंडापुढं धरला आणि रिक्षा स्टँडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "व्हय!"

 पलीकडून सुमन म्हणाली, "हां... आत्ता आला."