मेहुण्याची भरलेली बॅग

एका जागी न टिकण्याची कला माझ्या मेहुण्याइतकी दुसऱ्या कुणाला साधली असेल, असं मला वाटत नाही. जन्म बर्मिंगहॅमचा, आडनाव अस्सल मराठी आणि उमेदीची सगळी वर्षं गेली ती ऑस्ट्रियाच्या खेड्यापाड्यांत, खालच्या लीगमधला फुटबॉल खेळण्यात. तिथे हिवाळ्यात मैदानं बर्फाखाली जातात, सामने थांबतात आणि क्लब खेळाडूंची अदलाबदल करतात. त्यात आमचा हा हटकून असायचा. ‘जिजू, हा क्लब लास्ट. इथे मी फिक्स,’ असं फोनवर सांगायचा, तेव्हाच बॅग भरलेली असायची. आता इंग्लंडात, बेसिंगस्टोकला आमच्याजवळ राहतो, पण कपडे अजून बॅगेतच. डिशवॉशर भरण्याआधी मांड्या ताणून वॉर्म-अप करतो. आरतीला उभा राहिला, की समोरून फ्री-किक येणार असल्यासारखे दोन्ही हात पोटाखाली बांधतो. मग माझी बायको, म्हणजे त्याची ताई, चिमटा काढते, तेव्हा टाळ्या सुरू होतात.

त्याचा एकच हट्ट होता: बाबांनी एकदा तरी आपली मॅच बघावी. माझे सासरे इंजिनिअर. ‘मोठ्या क्लबात जा, मग येतो,’ म्हणायचे आणि चारचौघांत मुलगा ‘युरोपात कन्सल्टंट’ असल्याचं सांगून मोकळे व्हायचे. एका वसंतात मात्र काय वाटलं कोण जाणे, त्यानेच पाठवलेला क्लबचा मफलर गळ्यात घालून, कुणालाही न सांगता ते थेट त्या गावात जाऊन थडकले. अख्खी मॅच बघितली. मुलगा काही दिसला नाही. हिवाळ्यातच तो आणखी खालच्या लीगमध्ये गेला होता आणि लाजेपोटी घरी बोलला नव्हता. तिथल्या मैदान सांभाळणाऱ्याने मेहुण्याला फोन केला, तेव्हा बाबा येऊन गेल्याचं त्याला कळलं. सासरे परत येऊन एवढंच म्हणाले, ‘ग्राउंड छान ठेवलंय.’ पुन्हा जाणं झालं नाही, कारण पुढच्याच मोसमात याचा गुडघा गेला. मला त्याचं आजही फार वाईट वाटतं.

सासरेही आता त्याच्याकडेच असतात. रविवारी पार्कात आमची आयटीतली मंडळी खेळतात, तिथे ते घडीची खुर्ची घेऊन न चुकता येतात. मफलर तोच. शेजारी मेहुणा, पायाशी बॅग. परवा एक गडी कमी पडला. ‘येतोस का रे?’ कुणीतरी हाक मारली. हा उठला, बूट चढवले, मांड्या ताणल्या, लाइनपर्यंत लंगडत गेला आणि परत आला.

‘सॉरी बाबा, knee नाही म्हणतो. नेक्स्ट संडे नक्की खेळेल मी.’

सासऱ्यांनी मफलर सारखा केला. ‘काही घाई नाही. फक्त तोवर क्लब बदलू नकोस.’

तो हसला, आणि बूट सोडायला वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही.